काचेतलं माळरान
लेखांक ४ : मागची भिंत आणि खालची जमीन

ठाण्यातल्या मानपाड्यात राहणाऱ्याला रान म्हटलं की येऊरचाच डोंगर आठवतो. जून सरता सरता तो हिरवागार होतो, दगडांवर शेवाळ चढतं, आणि पाल पाळायला घेतलेल्याला वाटतं की हेच सगळं काचेच्या पेटीत उतरवावं. लेपर्ड गेकोसाठी मात्र तसं करू नका. ही पाल अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून ती उभ्या काचेवर चढत नाही. दिवसभर फटीत दडून राहते आणि तिन्हीसांजेला बाहेर पडते. तिच्याच कुळातली युब्लेफॅरिस फस्कस आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत आढळते. लोक तिला विषारी समजून मारतात, खरं तर जगातली कुठलीच पाल विषारी नाही. पेटीसाठी नमुना हवा असेल तर घाटावरचा उन्हाळी माळ नजरेसमोर ठेवा : काळा पाषाण, त्यातल्या फटी, वाळकं गवत.

ठाण्यात खरी अडचण हवेची आहे. या पालीला साधारण ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. दमट हवेत कोंडलेल्या पालीला श्वसनाचे आजार जडतात. म्हणून पेटीला वर पूर्ण जाळी हवी, आणि एका बाजूला खाली व दुसऱ्या बाजूला वर अशी वाऱ्याची वाट हवी. पाणी धरून ठेवणारं कोकोपीट जमिनीसाठी वापरू नका.

भिंतीसाठी टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोल घ्या. २०१८ च्या बंदीपासून मखरांसाठी ते वापरता येत नाही, पण घरात आलेलं पॅकिंग तसंही कचऱ्यातच जाणार असतं. तुकडे एकमेकांवर आडवे रचून मत्स्यालयाच्या सिलिकॉनने चिकटवा. मग सुरीने कोरून कातळाचे थर, कपारी आणि पालीला बसता येईल असे कठडे काढा. कपारी मागे बंद ठेवा, नाहीतर पाल भिंतीमागे अडकेल. वर टाइल्सच्या फटींत भरतात ते ग्राउट ब्रशने लावा. पहिला हात पातळ, पुढचे दाट, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. तीन-चार हातांनंतर थर्मोकोल झाकलं जातं आणि नखांना घट्ट पकड मिळते. रंग एकसारखा देऊ नका. खऱ्या पाषाणात करडा, तपकिरी आणि गंजाचा तांबडा मिसळलेले असतात. सिलिकॉनचा आंबट वास पुरता गेल्याशिवाय पुढचं काम करू नये.

जमिनीसाठी खत न घातलेली माती ७० टक्के आणि चाळलेली बारीक वाळू ३० टक्के. किंचित ओलवून थापा आणि सुकू द्या. वर टणक कवच धरतं, खाली उकरता येतं. नुसती मोकळी वाळू नको, भक्ष्याबरोबर ती पोटात जाते. जड दगड आधी थेट पेटीच्या तळावर बसवा आणि मगच भोवती माती भरा. मातीवर ठेवलेल्या दगडाखाली पाल उकरते आणि दगड तिच्यावर बसतो. ही चूक जीव घेते, म्हणून पुन्हा सांगतो : आधी दगड, नंतर माती.

दगड, लाकूड, पालापाचोळा येऊरहून आणू नका. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथून वनोपज नेणं गुन्हा आहे. रानातली पाल पकडून आणायचा तर विचारही नको. ज्या कपारीतून तुम्ही तिला उचलाल तिथे पुन्हा कुणी येईलच असं नाही.

पेटीत लपायच्या जागा तीन हव्यात : एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला आणि एक ओली. ओलीसाठी झाकणाच्या डब्याला दार कापा आणि आत भिजवून पिळलेलं शेवाळ ठेवा. कात टाकताना पालीला तिथेच ओल मिळते. पेटीत ओल असावी ती एवढ्या डब्यापुरती.

पाल आणण्याआधी पेटी आठवडाभर रिकामी चालवा. उबदार टोकाला दगडाच्या पृष्ठभागावर ३२ अंश आणि थंड टोकाला २५ अंशांच्या आसपास तापमान टिकतं का, हे दोन वेगळ्या तापमापकांनी सकाळ-संध्याकाळ पाहा. मुसळधार पावसाच्या दिवशी आर्द्रतामापकही वाचा. आकडा चढलेलाच राहिला आणि जाळीवर झाकण म्हणून काच ठेवली असेल, तर आधी ती काढा.