चिनी लिपी आणि स्मार्टफोनचा कळफलक

चिनी लिपीस वर्णमाला नाही. २०१३ साली चीनमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाण यादीत ८,१०५ चिन्हे आहेत. एवढी चिन्हे तळहाताएवढ्या स्मार्टफोनवर कशी उमटतात, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे उत्तर उच्चारात आहे. १९५८ साली चीनने ‘पिनयिन’ ही रोमन लेखनपद्धती स्वीकारली. साक्षरताप्रसार व प्रमाण उच्चाराचे शिक्षण हा तिचा मूळ हेतू. आज तीच टंकलेखनाचा आधार झाली आहे. टंकताना सुरांचे भेद सहसा वगळले जातात. म्हणून रोमन अक्षरांत ‘मा’ लिहिताच आई, घोडा, रागावणे अशा अर्थांची चिन्हे पडद्यावर ओळीने येतात. त्यांतून योग्य ते निवडावयाचे असते. संपूर्ण शब्द लिहिल्यास ही निवड सोपी होते.

अशी सोय करून घेणे कठीण नाही. फोनच्या ‘सेटिंग्ज’मधील कळफलकाच्या विभागात जाऊन नवा कळफलक जोडावा. चीनसाठी सरलीकृत, तर तैवान व हाँगकाँगसाठी पारंपरिक लिपी निवडावी आणि मग लेखनपद्धती ठरवावी.

मात्र ज्या वृद्धांना केवळ स्थानिक बोली येते व ज्यांनी शाळेत पिनयिन गिरवले नाही, त्यांना ही पद्धत परकी वाटते. त्यांच्यासाठी बोटाने पडद्यावर चिन्ह रेखाटण्याची सोय आहे. उलट, उच्चारावरून टंकणाऱ्या सुशिक्षितांना हाती लेखणी घेताच चिन्ह आठवत नाही, अशी चिंता चीनमध्ये व्यक्त होते. लिपीस यंत्रावर स्थान मिळणे जितके अगत्याचे, तितकेच ती हातात टिकणेही अगत्याचे होय.