मुरूम लागेपर्यंत : महाराष्ट्रातील जमीन, पाणी आणि इमारतींचे पाये

दख्खनच्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात. पीक देणारी ती ‘काळी’ आणि घरे पेलणारी ती ‘पांढरी’. गावठाणालाच पांढरी म्हणण्याची ही रीत केवळ मातीच्या रंगावरून पडलेली नाही. नदीकाठचे उंचवटे, चुनखडीचा अंश असलेली भुरकट माती, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी पडून पुन्हा उभ्या राहिलेल्या भिंतींचा, राखेचा व शेणामातीचा थर यांतून ही पांढरी घडत गेली, म्हणूनच पुरातत्त्वाचे अभ्यासक प्राचीन वस्तीच्या शोधात निघाले की अशी पांढरी टेकाडे आधी धुंडाळतात. काळीत घर बांधायचे नाही, हा त्या विभागणीमागचा व्यवहार होता. त्याचे शास्त्रीय कारण कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते कळेपर्यंत शहरे पांढरी सोडून काळीवर पसरू लागली होती.

काळी माती ही दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यातील चिकणमातीच्या कणांत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज मोठ्या प्रमाणावर असते (फ्रान्समधील मॉन्टमोरिलोन या गावावरून हे नाव पडले). त्याची रचना पत्त्यांच्या जोडासारखी, अतिशय पातळ पापुद्र्यांची असते. दोन पापुद्र्यांमधली पकड इतकी सैल असते की पाणी मिळाले की ते त्या फटीत शिरते आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात. या खनिजाच्या एका ग्रॅमचे सर्व पृष्ठभाग उलगडून मांडले तर ते सुमारे ८०० चौरस मीटर भरतात. भांड्यांच्या मातीत आढळणाऱ्या केओलिनाइटच्या बाबतीत हाच आकडा १०-२० चौरस मीटरच्या आसपास राहतो. एवढ्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी उन्हाळ्यात उडून गेले की माती आक्रसते आणि मनगट सहज आत जाईल अशा, एक-दोन मीटर खोल भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती फुगून भेगा मिटवून टाकते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जमिनीची स्वतःहून होणारी नांगरट असली, तरी घराच्या दृष्टीने तो वर्षातून एकदा होणारा धरणीकंपच म्हणायला हवा.

फुगणाऱ्या मातीचा त्रास उंच इमारतींपेक्षा बैठ्या घरांना जास्त होतो, ही गोष्ट सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. पाया म्हणजे वरचे ओझे जमिनीवर पसरवून देणारा भाग, आणि जमीन न खचता चौरस मीटरला जितके ओझे निर्धास्तपणे पेलते ती तिची सुरक्षित भारवहन क्षमता, जिला साइटवर सगळे ‘एसबीसी’ म्हणतात. एकमजली घराच्या भिंतीखाली ओझ्याचा दाब चौरस मीटरला जेमतेम ५-६ टन पडतो, तर काळ्या मातीचा फुगण्याचा दाब कित्येक ठिकाणी २० ते ३० टनांपर्यंत जातो. म्हणजे या झुंजीत घर खाली जात नाही, ते उचलले जाते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. घराच्या मध्यभागी फरशीखालची वाफ अडल्यामुळे ओल साठत राहते व तो भाग वर येतो. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात वाळून बसते. त्यात एका कोपऱ्यात न्हाणीचे पाणी मुरत असेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात कडुनिंबाची वा निलगिरीची मुळे पाणी शोषत असतील, तर चारही कोपरे चार वेगळ्या तालांत हलतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढत जाणारी, वर रुंद आणि खाली बारीक होणारी भेग ही या असमान हालचालीची ओळख आहे. ती सिमेंटने दरवर्षी बुजवणारे गवंडी आणि दरवर्षी ती बुजवून घेणारे घरमालक या दोघांनाही तिचे मूळ जमिनीत असल्याचे ठाऊक असते, पण तोवर पायापर्यंत जाण्याची वेळ निघून गेलेली असते.

ही माती ओळखण्याची एक चाचणी इतकी सोपी आहे की शाळेच्या प्रयोगशाळेतही ती करता यावी. वाळवलेली माती कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीने चाळायची, तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग १०० मिलिलिटरच्या दोन मापनपात्रांत घालायचे, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरायचे, काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि एक दिवस तसेच ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलच्या पात्रात माती १० मिलिलिटरवर स्थिरावली आणि पाण्याच्या पात्रात ती १६ वर पोहोचली, तर मुक्त फुगवटा ६० टक्के धरला जातो. भारतीय मानकांच्या वर्गवारीत ५० टक्क्यांच्या वरची माती अतिफुगीर ठरते. लाखो रुपयांच्या बांधकामाआधी चोवीस तास आणि वाटीभर रॉकेल यांचा खर्च टाळला जातो, याला काटकसर म्हणता येत नाही.

गवंड्यांचा पारंपरिक तोडगा ‘मुरूम लागेपर्यंत खोदा’ या तीन शब्दांत मावतो. मुरूम म्हणजे बेसॉल्टची अर्धवट झालेली झीज. खडकाचा कडकपणा गेलेला, पण चिकणमातीचा लबाडपणा अजून न आलेला थर. खड्ड्यात पहार मारून तिचा आवाज आणि तिची आत शिरण्याची खोली यांवरून कच्चा मुरूम की पक्का मुरूम हे ठरवणारे मुकादम आजही आहेत आणि त्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो. पण मुरूम तीन-चार मीटरवर असेल तर सलग खोदाई परवडत नाही. अशा जागांसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या मध्यास बल्बाच्या आकाराचा पाइल प्रचारात आणला. पाइल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला खांब. यंत्राने साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडायचे, तळाशी खास पात्याने ते अडीच पट रुंद करायचे आणि त्यात सळ्या व काँक्रीट भरायचे. मोसमी ओलावा जिथवर खालीवर होतो त्या थराच्या खाली तो रुंद तळ अडकून बसतो, आणि वरच्या मातीने कितीही उचलले तरी नांगरासारखा घराला धरून ठेवतो. पाइलांना जोडणारी तुळई जमिनीला टेकवायची नाही, खाली काही सेंटिमीटर पोकळी सोडायची, हा त्यातला कळीचा मुद्दा. आणि नेमकी तीच पोकळी डबर-माती टाकून भरून टाकण्याचा उत्साह साइटवर अनेकदा दिसतो.

दुसरा उपाय पवईच्या आयआयटीत रा. कृ. काट्टी यांच्या संशोधनातून आला. काळ्या मातीच्या पृष्ठभागालगतचाच भाग फुगतो, साधारण मीटरभर खाली ती आपल्याच चिकटपणाने स्वतःला बांधून धरते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. तेव्हा वरचा मीटरभर थर काढून त्याजागी चिकट पण न फुगणाऱ्या मुरमाचा दाबलेला थर घातला, तर खालच्या मातीला ते झाकण पुरते. कालव्यांच्या अस्तरासाठी, विशेषतः कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पात, ही पद्धत वापरली गेली. नुसती वाळू भरून हा परिणाम साधत नाही, उलट वाळूच्या पोकळ्यांतून पाणी काळीपर्यंत बिनदिक्कत पोहोचते. तरीही पायाखाली वाळू घातली की घर सुरक्षित, हा समज अजून टिकून आहे.

घराखाली जी माती वैरीण ठरते, तीच धरणाच्या पोटात उपकारक असते. महाराष्ट्रातील मातीच्या धरणांचा गाभा पाणी अडवण्यासाठी चिकण मातीचाच भरतात आणि त्याला दोन्ही बाजूंनी मुरमाचे कवच देतात. पैठणचे जायकवाडी धरण, जे सुमारे १० किलोमीटर लांबीचे असून १९७६ मध्ये पूर्ण झाले, अशाच मातीवर विसंबून आहे. गाभा सतत ओला राहतो, त्याला वाळण्याची संधी मिळत नाही, म्हणून तो फाटत नाही. मातीचा दोष म्हणून जे सांगितले जाते ते बहुतांशी पाण्याच्या येण्याजाण्याचे असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

हे सूत्र गणिताच्या भाषेत मांडण्याचे श्रेय प्रागमध्ये १८८३ साली जन्मलेल्या कार्ल टेर्झागी यांचे. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना त्यांनी साध्या साधनांवर मातीचे प्रयोग केले आणि १९२५ मध्ये त्यांचा मृदायांत्रिकीवरील जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचा मुख्य विचार असा की मातीवरील ओझे दोघे वाटून घेतात, काही कण आणि काही कणांमधले पाणी. आणि मातीचे बळ फक्त कणांनी पेललेल्या वाट्यावर अवलंबून असते. पाण्याला घर्षण नसते, त्यामुळे पाण्याने उचललेला भार हा बळाच्या हिशेबात शून्य. चिकणमातीवर अचानक ओझे ठेवले तर प्रथम ते सारे पाण्यावर जाते, मग पाणी अतिसूक्ष्म वाटांनी हळूहळू बाहेर पडते, कण जवळ येतात, माती घट्ट होते आणि इमारत खाली बसते. या क्रियेला दृढीकरण म्हणतात आणि तिला लागणारा वेळ पाण्याला बाहेर पडण्यासाठी जे अंतर कापावे लागते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

याचाच दाखला म्हणजे पिसाचा झुकता मनोरा. तो ११७३ मध्ये बांधायला घेतला आणि काही मजल्यांनंतर काम सुमारे शतकभर थांबले. ती रखडपट्टीच मनोऱ्याच्या पथ्यावर पडली, कारण तेवढ्या काळात खालच्या मऊ चिकणमातीतले पाणी निघून ती पुढचे मजले पेलण्याइतकी घट्ट झाली. सलग बांधला असता तर तो तेव्हाच कोसळला असता, असे जाणकारांचे मत आहे. १९९० मध्ये तो बंद करून, ज्या बाजूला तो झुकलेला नव्हता त्या उत्तरेकडची माती बारीक भोकांतून थोडी थोडी काढून कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला गेला आणि २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला.

पिसाला शतकभर थांबणे परवडले, मुंबईला परवडत नाही. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, न्हावाशेवा आणि उलवे परिसरात काळसर निळ्या सागरी चिकणमातीचे थर कुठे कुठे १०-१५ मीटर जाडीचे आहेत. त्यावर चालणाऱ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. अशा जमिनीत प्लॅस्टिकच्या चपट्या वाती दीड-दोन मीटरांवर उभ्या खोचतात आणि वरून मुरमाचा भराव टाकून ओझे देतात. पाण्याला आता पंधरा मीटर वर जाण्याऐवजी मीटरभर आडवे जाऊन वात गाठायची असते, आणि अंतराच्या वर्गाचा नियम असल्यामुळे दशकांचे काम महिन्यांवर येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी टेकडी कापून, उलवे नदीचा प्रवाह वळवून खाजणावर भराव घातला गेला. भरलेली जमीन भराव पूर्ण झाल्यावरही बसत राहते, आणि खाडीकाठच्या वसाहतींतील इमारत व अंगण यांच्यामधली दरवर्षी वाढणारी पायरी हा त्याचा रोज दिसणारा दाखला आहे: पाइलवरची इमारत जागच्या जागी राहते, अंगण खाली जाते.

सपाट जमिनीवर पाणी भेगा पाडते, उतारावर ते अख्खे गाव नेते. सह्याद्रीच्या उतारांवर कातळावर काही मीटर जाडीचा मातीचा थर पसरलेला असतो. सलग मुसळधार पावसात पाणी या थरातून झिरपते, खालच्या कातळावर अडते, आणि तिथे पाण्याचा दाब वाढत गेला की टेर्झागींच्या हिशेबाप्रमाणे कणांवरचा भार, म्हणजेच घर्षण, कमी होत जाते. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी असेच गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. महाडजवळचे तळिये (२२ जुलै २०२१) आणि खालापुरातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) यांच्या तारखांतला जुलै योगायोगाने आलेला नाही. माळीणनंतर उतारावर भातखाचरे काढण्याच्या ‘पडकई’ कामांची बरीच चर्चा झाली. एकट्या पडकईवर सारा दोष टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. उताराचा पायथा कापणारे रस्ते आणि नैसर्गिक ओहोळ बुजवणारी बांधकामे यांचा हिशेबही मांडायला हवा. कोकणात जांभ्याखालच्या मऊ मातीने कोकण रेल्वेलाही दमवले: गोव्यातील पेडण्याचा बोगदा दीड किलोमीटरच्या आसपासचा, पण पाण्याने भिजलेल्या मातीमुळे तो खणायला वर्षे लागली, आणि जुलै २०२४ मध्ये याच बोगद्यात पाणी व चिखल शिरून वाहतूक थांबली.

१२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेत धरणाची कथा महापुराची म्हणून सांगितली जाते. ती पायाचीही आहे. काम अपुरे असताना धरण भरले, पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचत गेला, जवानांनी वाळूची पोती रचूनही तो सावरला नाही आणि पाणी माथ्यावरून वाहू लागताच मातीचा बांध उरला नाही.

किल्लारीच्या बाबतीत मात्र मातीला उगीच बोल लावला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात जी घरे पडली त्यांच्या भिंती गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या आणि धाब्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर होता. उन्हाळ्यात घर गार ठेवणारे ते छप्परच झोपलेल्या माणसांवर आले. जी पांढरी पायाखाली पिढ्यान्‌पिढ्या भरवशाची ठरली, ती डोक्यावर चढवली तेव्हा घातक ठरली.

आज तालुक्याच्या गावांभोवती काळ्या शिवाराचे एनए (बिगरशेती) प्लॉट पाडले जात आहेत, आणि माती परीक्षणाचा अहवाल हा मंजुरीच्या फाइलीतला एक कागद होऊन बसला आहे. शेजारच्या प्लॉटचा अहवाल नाव बदलून जोडला जातो, ही तक्रार या क्षेत्रातील माणसे उघडपणे करतात. वास्तविक ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, हे मोजण्याची प्रमाणित चाचणी प्रत्येक शहरात उपलब्ध आहे, आणि दोन भोकांमधल्या पन्नास फुटांत मुरूम दोन मीटरने खाली गेलेला आढळणे बेसॉल्टच्या मुलखात नेहमीचे आहे. घर बांधू पाहणाऱ्याने निदान एवढे तरी करावे: प्लॉट पाहायला मे महिन्यात जावे, शेजारच्या विहिरीच्या काठात काळी किती खोल आहे ते डोकावून पाहावे आणि भेगेत काठी घालून मोजावी. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की त्या भेगा दिसत नाहीत.