कोणता शब्द बदलला, आणि का?

एडिंबरामधल्या क्रेगलॉकहार्ट इथं पहिल्या महायुद्धात एक लष्करी रुग्णालय होतं. आघाडीवरच्या भयानं मन कोलमडलेल्या अधिकाऱ्यांवर तिथं उपचार होत. १९१७ च्या ऑगस्टमध्ये तिथं विल्फ्रेड ओवेन आणि सिगफ्रिड ससून यांची भेट झाली. ओवेन चोवीस वर्षांचा होता, कवी म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं. ससूनचं नाव झालेलं होतं. ओवेननं आपल्या एका सुनीताचे खर्डे त्याला दाखवले आणि ससूननं त्यांवर दुरुस्त्या सुचवल्या. शीर्षकात तरुणांना लावलेलं विशेषण आधी ‘डेड’ होतं. त्या जागी ‘डूम्ड’ आलं आणि कविता ‘अँथेम फॉर डूम्ड यूथ’ या नावानं जगापुढे आली. एका शब्दानं सगळा अर्थ फिरला. मेलेल्या पोरांसाठी शोक करता येतो. पण ज्यांचं मरण आधीच ठरवून टाकलेलं आहे अशी पोरं अजून चालताबोलताना दिसली, की शोकाबरोबर ‘हे ठरवलं कुणी?’ हा प्रश्नही उभा राहतो. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी मारला गेला. ते खाडाखोड केलेले कागद आज ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या महायुद्ध-कवितेच्या डिजिटल संग्रहात कुणालाही पाहता येतात.

रोमँटिक कालखंडापासून पुढचं ब्रिटिश साहित्य ऑनलाइन शिकवणारे अभ्यासक्रम आता सहज मिळतात. ‘स्वयम्’सारख्या सरकारी मंचावर ते आहेत, परदेशी विद्यापीठांचेही आहेत. त्यांच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, साहित्य वर्गात, गुरूच्या तोंडूनच शिकायचं असतं. पडद्यावर मिळते ती नुसती माहिती. दुसरं म्हणतं, नामवंत प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट मिळत असताना आणखी काय हवं? ही मतं परस्परविरोधी वाटली तरी व्याख्यान म्हणजेच शिक्षण, हे दोघांनीही गृहीत धरलेलं आहे. माझं म्हणणं असं, की या साहित्याच्या बाबतीत ऑनलाइन शिक्षणाचं खरं बळ व्याख्यानात नाही. ते ओवेनच्या त्या कागदात आहे. अभ्यासक्रम विद्यार्थ्याला तिथपर्यंत नेतो का, आणि तिथं पोचल्यावर त्याला लिहायला लावतो का, यावरच त्याची किंमत ठरली पाहिजे.

पहिलं मत इतिहासाला धरून नाही. इंग्रजी साहित्य हा विषय जुन्या विद्यापीठांच्या गाभाऱ्यात जन्मलाच नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ग्रीक-लॅटिनमध्ये रमली होती. इंग्रजी भाषा आणि साहित्याचं अध्यासन १८२८ साली मिळालं ते नव्यानं निघालेल्या लंडन विद्यापीठात. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी यायला १८९० चं दशक उजाडलं, केंब्रिजमध्ये तर १९१७. तोवर हा विषय वाढला तो कुंपणाबाहेर: कामगारांच्या संस्थांत, स्त्रियांसाठीच्या व्याख्यानमालांत आणि वसाहतींत. मेकॉलेचं टिपण १८३५ चं, मुंबई विद्यापीठ १८५७ चं. इंग्लंडमध्ये हा विषय प्रतिष्ठित होण्याआधीच हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांत तो शिकवला जात होता, आणि त्यामागे राज्यकर्त्यांचा हेतू होता, हे गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात सविस्तर दाखवलं आहे. १८५८ पासून लंडन विद्यापीठानं बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना पदवी परीक्षेची वाट मोकळी केली. १९१६ ते १९१९ या काळात टी. एस. एलियट लंडनच्या पश्चिमेला साउथॉलमध्ये, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्या प्रौढांना टेनिसन, ब्राउनिंग, डिकन्स, जॉर्ज एलियट शिकवत होता. १९७१ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी टपालानं आलेले पाठ आणि बीबीसीवरचे कार्यक्रम यांच्या आधारानं अभ्यासाला बसले. विली रसेलच्या ‘एज्युकेटिंग रीटा’ या १९८० च्या नाटकातली केशकर्तनाचं काम करणारी नायिका याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे. इंग्रजी साहित्य दुरून शिकणं ही काही मोबाइलच्या जमान्यातली तडजोड नव्हे. या विषयाची ती जुनी रीत आहे.

हे साहित्यही दूरच्या, एकट्या, कामातून वेळ काढणाऱ्या वाचकासाठीच घडलं. डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिसेंबर १८६० पासून ऑगस्ट १८६१ पर्यंत ‘ऑल द इयर राउंड’ या त्याच्याच साप्ताहिकात ३६ आठवडे हप्त्याहप्त्यानं आली. वाचक आठवडाभर थांबत, तर्क लढवत, घरात मोठ्यानं वाचत. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ डिसेंबर १८७१ पासून वर्षभरात आठ भागांत निघाली. या कादंबऱ्यांची वीण त्या थांबण्याचा हिशेब करूनच घातलेली आहे. म्हणून बारा आठवड्यांत सहा कवी, चार कादंबऱ्या आणि दोन नाटकं कोंबणारा अभ्यासक्रम कागदावर भरगच्च दिसला, तरी त्या साहित्याच्या चालीशी त्याचा मेळ बसत नाही. आठवड्याला एकच हप्ता वाचायला लावणारा, पुढे काय होईल यावर विद्यार्थ्याला चार ओळी लिहायला सांगणारा अभ्यासक्रम डिकन्सच्या जास्त जवळ जातो. भरल्या वेळापत्रकाच्या वर्गाला हे कठीण असतं. ऑनलाइन अभ्यासक्रमाला सहज जमण्यासारखं आहे.

आता ओवेनच्या कागदासारख्या मूळ पानांकडे वळू. विल्यम ब्लेक हा पेशानं उत्कीर्णक. आपल्या कविता तो तांब्याच्या पत्र्यावर उलट्या अक्षरांत लिहायचा, त्याच पत्र्यावर चित्र काढायचा, आम्लानं पत्रा खोदून छापायचा आणि मग तो व त्याची पत्नी कॅथरीन प्रत्येक प्रत हातानं रंगवायचे. त्यामुळे त्याच्या १७९४ च्या ‘साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्स्पीरियन्स’च्या कुठल्याही दोन प्रती सारख्या नाहीत. ‘द टायगर’ ही कविता पाठ्यपुस्तकात वाचली, की डोळ्यांपुढे आगीसारखा धगधगता वाघ येतो. ब्लेकच्या मूळ पानावर मात्र कवितेच्या खाली उभा असलेला वाघ बऱ्याच प्रतींत चक्क गरीब दिसतो, एखाद्या लाकडी खेळण्यासारखा. भय शब्दांत आहे आणि चित्र ते नाकारतं. मग हे भय वाघाचं की पाहणाऱ्याच्या मनातलं? हा प्रश्न छापील पाठ्यपुस्तकातून सुचणं अवघड आहे. वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरलेल्या या प्रती शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची सोय १९९६ मध्ये सुरू झालेल्या विल्यम ब्लेक आर्काइव्हनं करून दिली. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चंही तसंच. १८१८ मध्ये ती निनावी छापली गेली तेव्हा अनेकांना ती पुरुषानं लिहिलेली वाटली. आज शेली-गॉडविन आर्काइव्हमध्ये मेरीच्या वह्यांमधलं तिचं अक्षर आणि पर्सी शेलीनं केलेल्या दुरुस्त्या वेगवेगळ्या ओळखता येतात. कुणी किती लिहिलं या जुन्या वादाचा निवाडा विद्यार्थ्याला स्वतः करून पाहता येतो. शिवाय आवाज आहेत: टेनिसननं १८९० मध्ये मेणाच्या नळकांड्यावर केलेलं काव्यवाचन, व्हर्जिनिया वुल्फचं १९३७ चं बीबीसीवरचं भाषण.

पहिला आक्षेप असा, की चर्चेवाचून साहित्य शिकता येत नाही. तो मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच दूरशिक्षणाच्या जुन्या परंपरेत काय होतं ते नीट पाहायला हवं. एलियट शिकवत होता त्या प्रकारच्या कामगार-शिक्षणाच्या वर्गात एक तास व्याख्यान, तर एक तास चर्चा असे, आणि विद्यार्थ्यांनी निबंध लिहिणं अपेक्षित असे. ओपन युनिव्हर्सिटीत प्रत्येक स्वाध्यायावर मार्गदर्शक लेखी शेरे देत. अंतर होतं, पण विद्यार्थ्यानं लिहिलेलं वाचणारं माणूस होतं. आजच्या अनेक अभ्यासक्रमांनी व्हिडिओ ठेवले आणि तेवढं माणूस काढून टाकलं. त्या जागी चार पर्यायांतून एक निवडायची चाचणी आणली. ‘लिरिकल बॅलड्स’ कोणत्या साली निघालं याचं उत्तर १७९८ हे टिचकी मारून देता येतं. १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीला वर्ड्‌सवर्थला लांबलचक प्रस्तावना का जोडावीशी वाटली, याचं उत्तर मात्र लिहावंच लागतं, आणि ते कुणीतरी वाचावं लागतं. अनेक जण हे अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडतात. त्याचं खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडण्याआधी, आपलं लिहिलेलं कुणी वाचणारच नाही हे कळल्यावर किती जण टिकतील, याचाही विचार व्हावा.

दुसरा आक्षेप नवा आहे. ‘मिडलमार्च’चा सारांश यंत्र क्षणात देतं, निबंधही लिहून देतं, मग वाचायचं कशाला? इथं मराठी विद्यार्थ्याच्या हातात एक उत्तम साधन आहे, त्याची स्वतःची भाषा. ओवेनच्या त्या ‘डूम्ड’ला मराठी शब्द शोधून पाहावा. ‘अभागी’ म्हटलं तर दोष नशिबावर जातो. ‘शापित’ म्हटलं तर गोष्ट पुराणात जाऊन बसते. ‘मृत्युपंथाला लागलेले’ म्हणावं तर आजारपणाचा वास येतो. ‘बळी’ हा शब्द सर्वांत जवळ येतो, कारण बळी देणारा कुणीतरी असतो. पण त्यात एक धार्मिक पुण्याई डोकावते, आणि प्रार्थना व घंटानाद रणभूमीवर पोकळ ठरतात हे सांगणाऱ्या या कवितेला ती नको आहे. एकही शब्द नेमका बसत नाही, आणि तो का बसत नाही हे सांगताना विद्यार्थी त्या कवितेच्या मुळाशी पोचतो. यंत्र एखादा प्रतिशब्द सुचवेल, पण त्याच्याशी झटापट करून मिळणारी समज विद्यार्थ्याऐवजी कुणी मिळवू शकत नाही. असा स्वाध्याय इंग्रजी अभ्यासक्रमातही मराठीतून करायला काहीच हरकत नसावी.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: राज्यकर्त्यांनी लादलेला हा विषय आपण आजही का शिकावा? लादलेल्या गोष्टीचं आपल्या लेखकांनी काय केलं, हेच त्याचं उत्तर आहे. केशवसुतांनी इंग्रजी कवितेतलं सॉनेट घेतलं आणि मराठीत चौदा ओळींची सुनीतरचना रुजवली. मर्ढेकरांच्या कवितेतलं महानगर युरोपातल्या नवकवितेची ओळख असल्याशिवाय पुरतं उलगडत नाही. शिवाय ‘रोमँटिक काळापासून पुढे’ यातलं ‘पुढे’ बायरन-ब्राउनिंगपाशी थांबत नाही. कॅरिबियनमध्ये वाढलेल्या जीन ऱ्हिसनं ‘जेन एअर’मधल्या माडीवर कोंडलेल्या बाईला १९६६ मध्ये ‘वाइड सारगॅसो सी’त स्वतःची कहाणी दिली. त्रिनिदादच्या सॅम सेल्व्हननं ‘द लोन्ली लंडनर्स’मध्ये १९५६ साली लंडन स्थलांतरितांच्या बोलीत सांगितलं. मात्र इथं ऑनलाइन शिक्षणाची एक उणीव उघडी पडते. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात साठ वर्षं आणि ब्रिटनमध्ये सत्तर वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून फुकट मिळणारा मजकूर आणि हस्तलिखितं जुन्या लेखकांचीच जास्त असतात. जे फुकट मिळतं तेवढंच शिकवलं, तर अभ्यासक्रम आपोआप एकोणिसाव्या शतकाकडे झुकतो आणि ऱ्हिस, सेल्व्हन वगळले जातात. दुसरी उणीव ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसली. ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि हस्तलिखितांच्या प्रतिमा दीर्घकाळ मिळेनाशा झाल्या. म्हणून गावातलं ग्रंथालय आणि हाताशी असलेलं छापील पुस्तक यांना ऑनलाइन अभ्यासक्रमानं पर्याय होऊ नये. तिकडे जायला विद्यार्थ्याला भाग पाडावं.

व्हर्जिनिया वुल्फनं ऑक्टोबर १९२८ मध्ये केंब्रिजच्या स्त्रियांसाठीच्या दोन महाविद्यालयांत व्याख्यानं दिली. त्यांतून ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक झालं. त्यात निवेदिकेला चार्ल्स लँबची आठवण होते. मिल्टनच्या ‘लिसिडस’चं हस्तलिखित पाहून, या कवितेतला शब्द कधीकाळी वेगळा असू शकला असता, या कल्पनेनंच लँब हादरला होता. ती मात्र हादरत नाही. कोणता शब्द बदलला असेल आणि का, याचा ती आधी मनाशी अंदाज बांधते आणि मग ते हस्तलिखित बघायला ग्रंथालयाकडे जाते. दारातच तिला अडवलं जातं, कारण बाईला तिथं महाविद्यालयाच्या फेलोबरोबर किंवा परिचयाचं पत्र घेऊनच जाता येत असे. मिल्टनचं ते हस्तलिखित आज केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पान न पान पाहता येतं. अडवणारा गृहस्थ गेला, ही मोठीच गोष्ट झाली. पण शिकण्याची रीत निवेदिकेनं दाराशी पोचण्याआधीच दाखवून दिली होती: आधी स्वतः अंदाज बांधायचा, मग पान उघडायचं. ज्या अभ्यासक्रमात या दोन्ही गोष्टी या क्रमानं घडतात, त्याला नाव नोंदवावं.