मस्टँगचा ड्राइव्हशाफ्ट बदलताय? आधी व्यास बघा!

2015 ते 2023 च्या फोर्ड मस्टँग जीटीला कंपनीकडूनच दोन भागांचा स्टीलचा शाफ्ट येतो, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. पॉवर वाढवली की बहुतेकांची नजर एकसंध अ‍ॅल्युमिनियम शाफ्टवर जाते. वजन घटतं, रेस दिल्यावर गाडी झटकन उचलते. पण खरी मेख आहे क्रिटिकल स्पीडची. ठरावीक आरपीएमला लांब नळी मधोमध धनुष्यासारखी वाकू लागते. लांबी दुप्पट केली, तर ही मर्यादा चौथाईवर येते. अ‍ॅल्युमिनियम हलकं खरं, पण जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी ताठ. नुसता धातू बदलून फायदा नाही, नळी मोठ्या व्यासाची हवी.

शाफ्ट किती वेगाने फिरतो याचा हिशेब करा: चाकाचे आरपीएम गुणिले फायनल ड्राइव्ह. 3.73 रेशो आणि 27 इंच व्यासाचा टायर असेल, तर ताशी 200 किमीला शाफ्ट सुमारे 5,800 आरपीएमने फिरतो.

क्रिटिकल स्पीडच्या बाबतीत कार्बन फायबर सरस, पण महाग. दगडाच्या घावापासून आणि एक्झॉस्टच्या धगीपासून त्याला जपावं लागतं. रस्त्यावरच्या गाडीला मी मोठ्या व्यासाचा अ‍ॅल्युमिनियम शाफ्टच सुचवेन. केबिनमध्ये थोडी घरघर वाढू शकते. घेताना बॅलन्सिंग किती आरपीएमला केलंय ते विचारा, आणि शाफ्ट तुटलाच तर त्याला अडवणारा सेफ्टी लूप बसवाच.