एकट्याचा व्यवसाय आणि कंपनीची पाटी

कच्छच्या छोट्या रणालगत, ध्रांगध्रा संस्थानच्या मुलखात, कुडा येथे एका रसायन कंपनीने मिठागरे खंडाने घेतली होती. हंगामाच्या आरंभी ती प्रत्येक अगरियास, म्हणजे मीठ पिकविणाऱ्यास, एकेक पाटा नेमून देई आणि तयार मिठाच्या मणामागे ठरीव दराने त्याचा मोबदला चुकता करी. अगरियास कामाचे तास बांधून दिलेले नव्हते, हाताखाली स्वतःची माणसे ठेवण्याची त्यास मुभा होती आणि त्या माणसांची मजुरीही तोच भागवी. तेव्हा हे लोक आमचे नोकर नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, हा कंपनीचा दावा वरवर पाहणाऱ्यास पटण्याजोगाच होता. परंतु खारे पाणी कितपत घट्ट झाले म्हणजे मीठ धरू द्यावे इथपासून निघालेला माल पसंतीस उतरला की नाही इथपर्यंत, प्रत्येक पायरीवर कंपनीच्या माणसांची देखरेख होती आणि अगरिया स्वतः अंगमेहनत करीत होता, हे ध्यानी घेऊन सर्वोच्च न्यायालयाने त्यास कामगार ठरविले. ‘धरांगधरा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य’ या नावाने १९५७ च्या विधिवृत्तांत छापलेला हा निवाडा, काम कोणते करावे एवढेच नव्हे तर ते कसे करावे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या प्रश्नाचा आजही पहिला आधार मानला जातो.

पुण्यातील एखाद्या संगणक-तंत्रज्ञास ‘तुम्हांला आम्ही कन्सल्टंट म्हणून घेतो’ असे सांगण्यात येते तेव्हा तोच मिठागराचा प्रश्न वातानुकूलित खोलीत उभा राहतो. त्याला लॅपटॉप कंपनीचा, रजा कंपनीच्या परवानगीने आणि वरिष्ठही एकच. फरक इतकाच की भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही आणि फॉर्म १६ च्या जागी फॉर्म १६ए हाती पडतो. प्राप्तिकराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण पगारावरील कपात कलम १९२ खाली, म्हणजे त्याच्या एकूण उत्पन्नाचा अंदाज बांधून होते; व्यावसायिक शुल्कावरील कपात मात्र कलम १९४जे खाली सरसकट १० टक्क्यांनी होते, मग त्याचा अंतिम कर शून्य येवो की लाखांत जावो. लाखाच्या बिलातून ९०,००० रुपये खात्यात पडतात, उरलेले १०,००० त्याच्या पॅनवर सरकारजमा झालेले फॉर्म २६एएसमध्ये दिसतात, आणि जादा कापले गेले असेल तर रिटर्न भरून परतावा मागावा लागतो. मिळणारी रक्कम पगार की शुल्क, हे नाव काय दिले यावर ठरत नाही. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकचा कारभार पाहणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तेथील सल्लागार डॉक्टरांच्या करारांची बारकाईने छाननी केली, आणि काही रक्कम निश्चित मिळते एवढ्यावरून त्यांना नोकर म्हणता येणार नाही, असा निर्णय रुग्णालयाच्या बाजूने दिला. तेव्हा कंपनी काढावी की न काढावी, याच्या खलबतास बसण्यापूर्वी आपण खरोखर स्वतंत्र आहोत काय, हे प्रत्येकाने करारनामा समोर ठेवून पाहावे.

ही शंका फिटली की पुढचा मार्ग पुष्कळांना वाटतो त्याहून सोपा आहे. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पॅनवर काम करणे, ज्याला धंद्यातले लोक प्रोप्रायटरशिप म्हणतात, यासाठी कोणत्याही निबंधकाची दारे ठोठावावी लागत नाहीत. बँक चालू खाते उघडताना एखादा दाखला मागते म्हणून शॉप अ‍ॅक्टची नोंद करावी, जिला मुंबईत अजूनही गुमास्ता लायसन्स म्हणतात. आणि महाराष्ट्रात व्यवसायकराचे सालीना २,५०० रुपये भरावे, की सरकारदरबारची बहुतेक पूर्तता झाली. २०१६ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात घातलेले कलम ४४एडीए हे या साध्या वाटेवरचे सर्वांत मोठे आकर्षण होय. वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, गृहसजावटकार, तसेच माहिती-तंत्रज्ञानाचे व्यावसायिक यांनी वर्षाच्या जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवावी, उरलेली निम्मी सरकार खर्चापोटी मान्य करते, आणि कीर्द-खतावणी कोणी मागत नाही. जमेची मर्यादा ५० लाख. रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर ७५ लाख. आगाऊ कराचे चार हप्तेही सुटतात, सर्व कर १५ मार्चपर्यंत एकदम भरला की झाले. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेत असल्याने कलमांचे आकडे बदलतात, पण सल्लागारांच्या तोंडी ४४एडीए अजून बरीच वर्षे राहील असे वाटते.

या यादीत चित्रपट-कलावंतही येतात, आणि तेथे एक गंमत दडलेली आहे. चित्रपट-कलावंत या सदरात नटाबरोबर गीतकार, कथालेखक आणि वेशभूषाकारही येतात, त्यामुळे चित्रपटासाठी गाणे लिहिणाऱ्यास जमेच्या निम्म्यावर कर, आणि दिवाळी अंकासाठी कविता लिहिणाऱ्यास किंवा ग्रंथांचे भाषांतर करणाऱ्यास ही सवलत नाही. अशा मंडळींनी जमाखर्चाची वही ठेवून खरा खर्च वजा करावा हे निर्धोक. दुसऱ्या एखाद्या कलमाचा आसरा त्यांना घेता येतो की नाही, याविषयी सल्लागारांत मतभेद आहेत.

आता आकडे पाहू. वर्षाची जमा ४० लाख आणि खरा खर्च १० लाख असलेली एक वास्तुविशारद घ्या. स्वतःच्या नावावर, ४४एडीए खाली, तिचे उत्पन्न २० लाख. नव्या करपद्धतीत २०२५-२६ च्या दरांनी कर २,००,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून २,०८,००० रुपये. हेच काम तिने खाजगी कंपनी काढून केले आणि उरलेले ३० लाख संचालक म्हणून पगार घेतला, तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जमेस धरूनही तिचा कर ४,७५,८०० रुपये होतो. पगार न घेता नफा कंपनीत ठेवला, तर सवलतीचा दर निवडणाऱ्या कंपनीवर अधिभार-उपकरासह २५.१६८ टक्के कर, आणि तो नफा लाभांश म्हणून बाहेर काढताच तिच्या स्वतःच्या दराने दुसऱ्यांदा कर; ती ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर शंभर रुपयांपैकी जेमतेम ५१ हाती येतात. जमा २४ लाख असणाऱ्यास तर स्वतःच्या नावावर १२ लाख उत्पन्न दाखवून करसवलतीमुळे एक पैसाही द्यावा लागत नाही. खरा खर्च जमेच्या निम्म्याहून अधिक असेल, उदाहरणार्थ हाताखाली पगारी माणसे ठेवली असतील, तर हे गणित फिरते, आणि तेव्हा हिशेब ठेवून लेखापरीक्षण करवून घेणेच श्रेयस्कर. परंतु कंपनी काढली की कर वाचतो, ही जी समजूत चहाच्या टेबलावर इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते, ती मध्यम प्राप्तीच्या एकट्या व्यावसायिकाच्या बाबतीत बहुधा खोटी ठरते.

कंपनी ही कायद्याने निराळी व्यक्ती आहे, आणि तिच्या खात्यातील पैसा तिचा असतो, आपला नव्हे, ही गोष्ट मालकाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्यासाठी ‘वन पर्सन कंपनी’ची सोय केली, आणि १ एप्रिल २०२१ पासून तिच्यावरील भांडवलाच्या व उलाढालीच्या मर्यादाही उठल्या, तथापि एक रुपयाची उलाढाल नसली तरी लेखापरीक्षक नेमावाच लागतो, ताळेबंद व वार्षिक विवरण निबंधकाकडे मुदतीत जावेच लागते, आणि मुदत चुकली तर प्रत्येक विवरणपत्रामागे दिवसाला १०० रुपये चढत जातात, त्यास कमाल मर्यादा नाही. मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीस, म्हणजे एलएलपीस, दोन माणसे लागतात. ४४एडीएचा लाभ तिला नाही, आणि तिच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के व उपकर. साध्या भागीदारी पेढीस ४४एडीए मिळते खरे, पण भागीदारांच्या सर्व मिळकतीवर धंद्याच्या कर्जाचा बोजा राहतो.

जीएसटीचे या निवडीशी फारसे नाते नाही. सेवांची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी, मग व्यक्ती असो वा कंपनी. १८ टक्के बिलात लावावे, अशिलाची कंपनी ते आपल्या करातून वळते करून घेते. परदेशी अशिलाचे काम परकीय चलनात असेल तर निर्यातीवर दर शून्य, मात्र दरवर्षी हमीपत्र दाखल करावे.

मग कंपनी कोणी काढावी? ज्याच्या एका चुकीने अशिलाचे कोट्यवधींचे नुकसान होऊ शकते आणि ज्याला आपले राहते घर त्या दाव्यापासून दूर ठेवायचे आहे त्याने. ज्याला भागीदार किंवा भांडवलदार सामील करून घ्यायचा आहे त्याने. आणि ज्याचे मोठे अशील व्यक्तीशी करारच करीत नाहीत त्याने. तेथेही एक सावधगिरी हवी, कारण बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमीवर सही हटकून मागते आणि मर्यादित जबाबदारीचे कवच त्या सहीपुरते गळून पडते.

बिले थकण्याच्या नित्याच्या पीडेवर मात्र कोणत्याही पाटीहून उद्यम नोंदणी अधिक गुणकारी आहे. ती विनाशुल्क आहे, एकट्या व्यावसायिकासही मिळते, आणि सूक्ष्म वा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घेणाऱ्यावर घातले आहे. उशिराबद्दल बँकदराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. हे बंधन वर्षानुवर्षे कागदावर पडून होते. प्राप्तिकर कायद्यात कलम ४३बी(एच) आल्यापासून मुदतीबाहेर गेलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत घेणाऱ्याला तो खर्च वजा करता येत नाही, म्हणून पूर्वी फोन न उचलणारा हिशेबनीस आता मार्च लागताच स्वतः फोन करून विचारू लागला आहे की, ‘साहेब, तुमचा उद्यम नंबर आहे का, आणि आमच्याकडे तुमचं नक्की किती येणं आहे?’