ग्लासात रुजणारे बी, बरणीतली बाग

बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब पुरेशी असते. मातीची गरज नसते. म्हणून वर्गात हा प्रयोग काचेच्या ग्लासात करता येतो. ग्लासाला आतून टीपकागद लावून मध्ये ओला कापूस भरतात. रात्रभर भिजवलेले राजमा आणि हरभऱ्याचे दाणे काच आणि कागद यांच्यामध्ये सरकवतात. तळाशी थोडेसेच पाणी ठेवतात; दाणे बुडाले तर हवेअभावी कुजतात.

काही दिवसांत साल फाटून आदिमूळ बाहेर येते. दाणा उलटा ठेवला तरी ते खालीच वळते. राजम्याचा कोंब आकड्यासारखा वाकून बीजपत्रे, म्हणजे दाण्याच्या दोन्ही डाळी, वर उचलतो. हरभऱ्याच्या डाळी मात्र जागीच राहतात.

काचेत बीच नव्हे, छोटी बागही वाढवता येते. १८२९ मध्ये लंडनच्या डॉ. नॅथनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला. त्या मातीत नेचा उगवला. टेरॅरियमची, म्हणजे काचेच्या बंद बरणीतल्या बागेची, सुरुवात तिथली. बरणीत बाष्प काचेवर थेंब होऊन जमते आणि पुन्हा मातीत उतरते. त्यामुळे पाणी क्वचितच घालावे लागते. बरणी उजेडात ठेवावी, थेट उन्हात नाही. उन्हात बंद काचेत झाडे अक्षरशः उकडतात.