एका पिक्सेलात सात लहरी

हिरव्या प्रकाशाच्या एका लहरीची लांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन असते. एका मिलिमीटरात अशा अठराशे लहरी मावतात. सोनीने २०१९मध्ये बाजारात आणलेल्या ६१ मेगापिक्सेलच्या ‘ए७आर ४’ या कॅमेऱ्यातल्या प्रत्येक पिक्सेलची बाजू ३.७६ मायक्रॉन आहे. भागाकार करून पाहा! त्या चौकोनाच्या रुंदीत जेमतेम सात लहरी बसतात, आणि असे सहा कोटींहून जास्त चौकोन ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर ओळीने मांडलेले आहेत. १९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात पिक्सेल होते अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. चव्वेचाळीस वर्षांत माणूस प्रकाशाच्या स्वतःच्या मापाशी येऊन भिडला.

म्हणूनच २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरणाऱ्याने ‘आता ६१ चा घेऊ का?’ असं विचारलं, की उत्तर देताना दुकानातल्या किमतीच्या आधी प्रकाशाचे नियम समजून घ्यावे लागतात.

आधी साधं गणित. २४ वरून ६१ म्हणजे अडीचपट, पण ही वाढ क्षेत्रफळाची. चित्राच्या रुंदीत पिक्सेल ६,००० होते ते ९,५०४ होतात, म्हणजे तपशील दीडपटीहून थोडा जास्त. इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापलं, तर २० इंच रुंदीचा प्रिंट जवळपास ३२ इंचांचा होतो. उलट, फोर-के पडद्यावर सगळे मिळून ८३ लाखच ठिपके असतात. तिथे २४ मेगापिक्सेलसुद्धा उरतात.

आता खरी गंमत. बंदराच्या धक्क्यातल्या अरुंद फटीतून आत शिरलेली लाट जशी दोन्ही बाजूंना पसरते, तसाच प्रकाशही लेन्सच्या अ‍ॅपर्चरमधून जाताना पसरतो. त्यामुळे दूरचा तारादेखील सेन्सरवर बिंदू म्हणून उमटत नाही, त्याची इवलीशी तबकडी होते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५मध्ये तिचं गणित मांडलं. एफ/५.६ ला ही तबकडी साडेसात मायक्रॉनची असते, एफ/१६ ला साडेएकवीस. कास पठारावर पायाशी फुललेला तेरडा आणि मागचे डोंगर, दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून आपण एफ/१६ लावतो. तेव्हा ती तबकडी नव्या कॅमेऱ्याचे जवळपास सहा पिक्सेल व्यापते. लेन्स कितीही महाग असो, तबकडीने गिळलेला तपशील पिक्सेल वाढवून परत मिळत नाही. एफ/५.६ च्या आसपास मात्र नवा सेन्सर जास्त तपशील टिपतो, आणि तो फरक नजरेला दिसतो.

‘पिक्सेल लहान, मग अंधारात फोटो खराब’ ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. प्रकाश फोटॉनच्या थेंबाथेंबाने येतो, आणि त्या मोजणीत निसर्गतःच चढउतार असतो: १०,००० फोटॉनमागे सुमारे १००, तर १०० फोटॉनमागे १०. त्यामुळे कमी प्रकाश मिळालेला एकटा लहान पिक्सेल जास्त खरखरीत दिसतो, हे खरं. पण सेन्सरचा आकार तोच असेल तर एकूण प्रकाशही तेवढाच पडतो. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकाच मापात छापले, की ही खरखर बहुतांशी सारखी होते.

मग हा कॅमेरा कुणाच्या कामाचा? भिगवणला पाण्यात दूरवर उभ्या असलेल्या फ्लेमिंगोचे फोटो काढणाऱ्याच्या नक्कीच. दीडपट क्रॉप करूनही हातात २६ मेगापिक्सेल राहतात. पण भर दुपारी तापलेली हवा थरथरत असेल, तर पिसांच्या कडा कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याआधीच विरघळलेल्या असतात. तिथे उपाय एकच, पहाटे जाणं. जुन्या पोथ्यांची, चित्रांची नोंद ठेवणारे आणि भिंतभर प्रिंट काढणारे यांनाही तो उपयोगी. लग्नात हजारो फोटो टिपणाऱ्याला मात्र कॉम्प्रेस न केलेली रॉ फाइल सुमारे १२० एमबीची होते, हे आधी लक्षात घ्यावं लागेल. कार्ड, हार्ड डिस्क, संगणक, सगळ्यांवरच तो भार येतो.

निर्णयासाठी एक प्रयोग करा. वारा पडलेल्या सकाळी तुमचा सध्याचा कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, सर्वांत चांगली लेन्स, एफ/५.६ आणि दोन सेकंदांचा टायमर. मग तेच दृश्य तुमच्या नेहमीच्या पद्धतीने टिपा. दोन्ही फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवा. नेहमीचा फोटो मऊ दिसत असेल, तर तपशील हात हलल्याने, मंद शटरमुळे किंवा चुकलेल्या फोकसमुळे जातो आहे. त्यावर ट्रायपॉड आणि सराव हाच स्वस्त इलाज. दोन्ही सारखेच मऊ असतील, तर आधी लेन्स तपासा. दोन्ही कोपऱ्यांपर्यंत धारदार असतील आणि तरी तुमच्या प्रिंटला ते अपुरे पडत असतील, तर तुमचं कौशल्य सेन्सरच्या पुढे गेलं आहे. मग ६१ मेगापिक्सेल निःशंकपणे घ्या, त्यातला प्रत्येक पिक्सेल तुम्ही कामाला लावाल.